गँगचाळीची फिल्म

पहिल्यांदा

"मावशी, कॅमेऱ्याकडे नको, माझ्याकडे बघा." महेशने मोबाईल स्टँडला लावला. "सांगा, आपली गँगचाळ कशी होती?"

अंबरनाथ-बदलापूरच्या मधली, रूळ सांभाळणाऱ्या गँगमनांची ती चाळ आता नव्या लाइनसाठी पाडणार होते. बिऱ्हाडं कधीच पांगली होती. कोणी विठ्ठलवाडीला, कोणी उल्हासनगरच्या कॅम्प चारला. सगळ्यांच्या मेळाव्यात दाखवायला चाळीतल्याच हिरामण गँगमनचा मुलगा महेश चाळीच्या इतिहासाची फिल्म करत होता.

"पाण्याचं सांगू?" गयाबाईने विचारलं.

"सांगा ना. ट्रेनने यायचं ना पाणी? एकदम युनिक आहे ते."

"मालगाडीला टाकी जोडून यायची. आमचं एकच घर बौद्धाचं. सगळ्यांची पिंपं भरली की मग आमचं. तेवढ्यात गाडी सुटायची. एकदा मी आधी पाइप धरला, तर तुझ्या आईनं..."

"कट."

दुसऱ्यांदा

"मावशी, फॅमिलीसारखे राहायचो, असं काहीतरी बोला. फील पाहिजे."

"रूळ उचलताना तुझ्या बापाला आमच्या ह्यांचा खांदा चालायचा."

"हां, हे मस्त."

"पाणी भरताना नाही चालायचा."

"मावशी, प्लीज. आई पण बघणार आहे."

"म्हणून तर सांगते."

तिसऱ्यांदा

या वेळी महेशने कट म्हटलं नाही. गयाबाई बोलत गेली. अंजनी, तिची पहिली मुलगी, सव्वा वर्षाची. जुलाब लागले, पिंप कोरडं. महेशच्या आईकडे, कौसाबाईकडे एक कळशी मागितली. कौसाबाईने दार लोटून घेतलं. नवरा, भीमराव, ड्युटीवरून आला तेव्हा अंजनी गार पडली होती.

"झालं. सुंदर बोललात," महेश म्हणाला.

घरी येऊन ती नातीला, मायाला म्हणाली, "घेतलंन गं त्यानं. अंजनीचं नाव घेतलं फिल्ममध्ये." त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

हॉलमध्ये

अंबरनाथ पश्चिमेला मेळावा भरला. पडद्यावर गयाबाईचा चेहरा. ओठ हलत होते. तिच्या आवाजाच्या जागी बासरी वाजत होती. खाली अक्षरं उमटली : 'ते सोन्याचे दिवस'.

टाळ्या पडल्या.

"किती गोड दिसतेस गं," शेजारून कौसाबाई म्हणाली.

गयाबाई आपल्याच ओठांकडे बघत होती. कुठलं वाक्य चाललंय ते तिला कळत होतं. बसल्या जागेवरून ती ते मोठ्याने म्हणू लागली.

"माझी अंजनी. सव्वा वर्षाची..."

कौसाबाईने खुर्ची वीतभर पलीकडे सरकवली आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागली.