मोजणीतून वगळलेला कॅन

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या बेसिनखाली पिवळा पडलेला प्लास्टिकचा कॅन दिसतो ना, तो मी. साच्यातून निघालो आणि पोटात शुद्ध अल्कोहोल घेऊन इथे आलो. ते संपलं आणि माझ्यावर चिठ्ठी चिकटली, 'टाकाऊ'. तेव्हापासून दुसऱ्यांचं उष्टं सांभाळणं हेच माझं काम.

वर टेबलावर मायक्रोवेव्ह होता. चांदीच्या क्षाराचं पाणी त्यात ठेवलं, की चहा गरम व्हावा इतक्या वेळात चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार होत. प्रयोगशाळेचे प्रमुख सर पाहुण्यांना अभिमानानं सांगत, "वीज नाममात्र, प्रदूषण शून्य!" पुढे ते कण अल्कोहोलनं पुन्हा पुन्हा धुवावे लागत. ते बघायला कुणी थांबत नसे. सारं धुवण माझ्या पोटात येई.

मग सरांकडे एक विद्यार्थिनी आली. ही पद्धत पर्यावरणाला खरोखर किती मानवते, ते मोजायचं काम तिच्याकडे होतं. दिसेल त्याचं वजन करायची, म्हणून सगळे तिला काटेताई म्हणत. एकदा तिनं मलाही उचलून काट्यावर ठेवलं. काय सांगू, मला केवढं बरं वाटलं! कुणीतरी मला हिशेबात धरत होतं.

ती मात्र आकडे पाहून तडक सरांकडे वळली.

"सर, चिमूटभर चांदीसाठी अख्खा कॅन भरतोय. आणि धुताना कण गरगर फिरवणारं यंत्र मायक्रोवेव्हपेक्षा जास्त वीज खातं. तासन्‌तास तापवायच्या जुन्या पद्धतीहून आपण फारसे बरे नाही."

"अगं, धुणं कशाला मोजतेस? सगळे मायक्रोवेव्हपुरतंच मोजतात."

"पण न धुता ते कण वापरता येतात का?"

सरांनी तिच्या वहीतले आकडे पुन्हा पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "खरं आहे तुझं. पण हे छापलं तर निधी थांबेल आणि ही प्रयोगशाळा बंद होईल गं. बाकीच्या मुलांनी कुठे जायचं?"

पलीकडे माना खाली घालून काम करणाऱ्या मुलांकडे ती बघत राहिली. मग तिनं वहीतलं माझं वजन खोडलं.

तिच्या कामाचं कौतुक झालं. प्रयोगशाळेच्या दारावर पर्यावरणस्नेही म्हणून हिरव्या पानाचं चित्र लागलं. काटेताईनं त्यानंतर काटा पुसून कपाटात ठेवला, आणि काही दिवसांनी ती निघूनच गेली. जाताना माझ्याकडे बघायचं तिनं टाळलं.

आता माझ्या तळाला चीर गेली आहे. थेंब थेंब गटारात उतरतो. मला जपा म्हणायची वेळ निघून गेली, मित्रांनो. फक्त कुणी एखादी गोष्ट स्वच्छ म्हणून दाखवली, तर जरा खाली वाकून बघा. बघाल, अशी आशा मात्र मला उरलेली नाही.