भोपाळ ते बऱ्हाणपूर, विमानाने

छप्पनच्या नोव्हेंबरात राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि फायलींबरोबर बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या धुरपदाबाईंचा श्रीकांतही गेला. तो सचिवालयात कारकून. फायलींना कुणी विचारलं नव्हतं, त्यालाही नाही. महिन्याभरात इकडे म्हातारी अंथरुणाला खिळली.

धुरपदाबाईंचे दीर विनायकराव शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी वर्गातला नकाशा उतरवून घरी आणला आणि त्यावर पट्टी ठेवली.

"भोपाळ ते इंदूर विमान आहे. पाऊण तास. इंदूर आता आपल्याच राज्यात आलं. तिथून बऱ्हाणपूर ही एवढी दोन बोटं."

"काका, सरळ गाडी आहे ना भोपाळहून," श्रीकांतची बहीण मालती म्हणाली.

"गाडीला नऊ तास लागतात. तुझ्या मायजवळ आहेत का नऊ तास?"

नकाशा जुन्या राज्याचा होता. इंदूर तेव्हा परक्यात, आणि परक्यांचे डोंगर काढायची छापणाऱ्याला गरज वाटली नव्हती. त्या दोन बोटांत घाट नव्हता, नर्मदा नव्हती, नुसता पांढरा कागद होता. संध्याकाळी तार गेली: आई गंभीर, विमानानेच ये.

सकाळी विनायकराव म्हातारीच्या कानाशी ओरडले, "वहिनी, बारापर्यंत आलाच समजा!"

तेव्हापासून धुरपदाबाईंनी दात आवळले. शेवटचं पाणी लेकाच्या हातचं, हा त्यांचा जुना हट्ट. पण कुठला घोट शेवटचा ते आधी कळत नाही, म्हणून लेक येईपर्यंत एकही घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. डॉक्टर तर म्हणाले होते, पाणी पोटात जात राहिलं तर दोन-तीन दिवस सहज निघतील.

"माय, घे ना वो. एकच चमचा."

"सिरीकांत..."

"येतोय. हवेत आहे."

साडेबाराला शेजारच्या कोकिळाबाई डोकावल्या. "काय मास्तर, बारा तर कवाच वाजले. इमान झाडावर बसलं का तुमचं?"

"इंदूरला उतरला असेल. आता काय, आलाच."

एक वाजता भोपाळकडची गाडी आली. मालती म्हणाली, "स्टेशनवर पाहून येऊ का, काका?"

"विमानाचा माणूस स्टेशनवर काय करेल?"

गाडी गेली. त्या गाडीत श्रीकांत नव्हताच. तो तारेतला शब्द पाळणारा मुलगा. म्हातारीचे ओठ तडकले. मालतीनं ओला बोळा लावला, तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. साडेतीनला तिनं तिथंच मान टाकली. सूर्य मावळायच्या आत उरकायला हवं, असं सगळ्यांचं मत पडलं. तापीवरच्या राजघाटावर विनायकरावांनी अग्नी दिला.

श्रीकांत दुसऱ्या दिवशी सकाळी आला. इंदूरहून निघालेली मोटार घाटात बंद पडली होती आणि सारी रात्र खांडव्याच्या फलाटावर गेली होती. खिशात विमानात मिळालेल्या लिमलेटच्या गोळ्या होत्या, आईसाठी ठेवलेल्या. दाराशी जमलेली माणसं पाहून त्यानं त्या बाहेर काढल्याच नाहीत.

मग विनायकरावांनी घसा साफ केला.

"विमान?"

"वेळेवर होतं, काका. पंचेचाळीस मिनिटं."

"बघा," विनायकराव जमलेल्या माणसांकडे वळून म्हणाले, "मी पाऊण तासच म्हटलं होतं."

मालतीनं चपला पायात घातल्या. "चल दादा राजघाटावर," ती म्हणाली, "राख अजून गरम असेल."