लाल मुंगीचा अभिप्राय

'उजेड' ही हौशी फोटोवाल्यांची जुनी वेबसाइट. एकेकाळी तिथं एका फोटोवरून लोक आठवडाभर तावातावानं भांडायचे. आता उरलेली मंडळी बोटांवर मोजण्याइतकी, आणि सगळी एकमेकांना जपणारी. कुणी काहीही टाकलं की खाली 'वा!', 'सुरेख!', 'अप्रतिम!' ठरलेलं. साइट चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे अध्यक्ष म्हणत. ते रोज एक सूर्यास्त टाकत आणि तोही रोज अप्रतिम असे.

या मंडळींत एक दातांची डॉक्टरीण होती. एका दुपारी पेशंट आला नाही म्हणून तिनं कॅमेरा काढला आणि लेन्सचं झाकण न काढताच बटण दाबलं. फोटो आला काळाकुट्ट. तो पुसता पुसता तिला हुक्की आली. तिनं तो तसाच 'उजेड'वर टाकून दिला.

'काय खोली आहे!' कुणीतरी लगेच लिहिलं. दुसऱ्याला तो गूढ वाटला. अध्यक्ष म्हणाले, 'अंधाराला असं बोलकं करणं सोपं नाही.'

डॉक्टरीण इतकी हसली की बाहेरची नर्स दारातून डोकावून गेली. मग मात्र तिचं हसू ओसरलं. इतकी वर्षं तिच्या चांगल्या फोटोंनाही हीच माणसं, न बघताच, अप्रतिम म्हणत आली होती तर! तिनं तिथल्या तिथं 'लाल मुंगी' या नावानं दुसरं खातं उघडलं आणि स्वतःच्याच फोटोखाली लिहिलं, 'बाई, झाकण काढायचं राहिलंय.'

मुंगी चावायची, पण उगाच नाही. डॉक्टरीण पेशंटला आधी धडधाकट दात कुठले ते सांगायची आणि मग किडलेला दाखवायची. मुंगीनंही तीच रीत ठेवली. फोटो निवांत न्याहाळायची, त्यातलं जमलेलं आधी सांगायची, मग चुकलेलं एकच काहीतरी, आणि पुढच्या वेळी काय करून बघता येईल तेही.

पहिला चावा बसला तिच्या नणंदेला. नणंद त्याच घरात राहायची, कोपऱ्यावर केकचं दुकान चालवायची आणि 'उजेड'वर आपल्या मांजराचे फोटो टाकायची. संध्याकाळी ती फोन नाचवतच स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, कोण गं ही लाल मुंगी? वाच काय लिहिलंय! 'डोळे जिवंत आहेत, पण मागची बादली मांजराच्या डोक्यावर टोपीसारखी बसली आहे. थोडं डावीकडे सरकून बघा.' टोपी म्हणे!"

"बादली आहे का पण मागे?" वहिनीनं कणीक मळता मळता, मान वर न करता विचारलं.

"आहे. तो मुद्दा नाही!"

दुसऱ्या दिवशी नणंद दुपारभर मांजरामागे पलंगाखाली रांगत होती. बादली मोरीत गेली होती.

मग मुंगीनं अध्यक्षांना गाठलं. 'रंग तुम्ही छान सांभाळता. पण एकदा सूर्याकडे पाठ करून उभे राहा, आणि त्याचा उजेड पडतो कशावर तेही बघा.' अध्यक्ष भयंकर रुसले. 'असले टवाळ लोक येणार असतील तर साइट बंद करतो,' असं त्यांनी जाहीर केलं. ते ऐकून कधीचे गायब झालेले सभासद तमाशा बघायला परत आले. कुणी मुंगीच्या बाजूनं, कुणी अध्यक्षांच्या. बऱ्याच वर्षांनी 'उजेड'वर कडाक्याचं भांडण पेटलं.

काही दिवस सूर्यास्त आला नाही. आला तो एका बाईंचा फोटो. गच्चीवर वाळलेल्या चादरीची घडी घालताना त्या कुणावर तरी ओरडत होत्या आणि कलत्या उन्हात त्यांचा अर्धा चेहरा उजळून निघाला होता. खाली अध्यक्षांनी लिहिलं होतं, 'आमची ही. चादरीचं दुसरं टोक धरायला बोलावत होती. मी कॅमेरा धरला.' त्याला कुणीच नुसतं 'अप्रतिम' म्हटलं नाही. सगळ्यांनी भरभरून लिहिलं. साइट बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मुंगीनं मात्र त्या भरात एक चूक केली. एका नवख्याला लिहिताना सुरुवातच केली, 'जरा कळ येईल, पण पटकन होईल.' हे वाक्य नणंदेनं दवाखान्याच्या खुर्चीत, तोंडाचा आ वासून, कितीदा तरी ऐकलं होतं.

ती तडक दवाखान्यात आली. "मुंगीबाई, पासवर्ड द्या."

"कसला?"

"नाहीतर अध्यक्षांना सांगते."

पासवर्ड द्यावाच लागला. डॉक्टरिणीला वाटलं, नणंद चार दिवस खेळेल आणि सोडून देईल. पण दुसऱ्याच दिवशी डॉक्टरिणीच्या एका फोटोखाली लाल मुंगी उमटली, आणि या वेळी मुंगी नणंद होती.

'रेषा सरळ, फोटो स्वच्छ. पण तुमच्याकडे रिकाम्या खुर्च्या, रिकामे जिने, रिकामे कप. माणसं कुठं आहेत? लाजता का त्यांना?'

डॉक्टरिणीला राग आला. दिवसभर ती मनातल्या मनात उत्तरं जुळवत राहिली आणि एकही टिकेना. कुणालाही बिनदिक्कत 'तोंड उघडा' म्हणणारी ती, 'तुमचा फोटो काढू का?' एवढं विचारायला खरंच लाजत होती.

दवाखाना आटोपल्यावर ती कॅमेरा घेऊन केकच्या दुकानात शिरली.

"तुझा फोटो काढू का?"

"आत्ता? नाकाला साखर लागलीय माझ्या!"

"राहू दे. पुसू नकोस."

नणंद खो खो हसली, तेवढ्यात बटण दाबलं गेलं. फोटो 'उजेड'वर चढला आणि सगळ्यात लांबलचक अभिप्राय अध्यक्षांचा आला. हसू पकडलंय म्हणाले, पण कोपर कापलं गेलंय, आणि मागच्या बरण्यांची गर्दी जरा जास्तच आहे.

"बरण्यांना नावं ठेवतो?" नणंदेनं हातातली क्रीमची पिशवी खाली ठेवली आणि फोन उचलला. काउंटरवर गिऱ्हाईक टकटक करत होतं. "थांबा हो जरा," ती त्याला म्हणाली, "महत्त्वाचं लिहितेय."