संत्र्यांच्या टेकडीवरची तोफ

मी एक जुनी तोफ आहे. खरे सांगायचे तर तोफेचा उरलेला भाग आहे, कारण माझी नळी कापून नेली त्याला कितीतरी वर्षे झाली. पण मित्रांनो, मला रडगाणे गायचे नाही. माझे दिवस मजेत चालले आहेत.

माझा आराखडा कुसाकाबे नावाच्या अभियंत्याने काढला. माझ्या आधीच्या तोफा फार जड होत्या. विमान डोक्यावरून निघून जाई, तेव्हा कुठे त्यांचे तोंड तिकडे वळे. कुसाकाबेंनी तीन वर्षे खपून मला अशी बैठक दिली, की दोन माणसांनी हातचाके फिरवली की मी गर्रकन वळावे. परीक्षेच्या दिवशी एका विमानामागे लांब दोराला कापडी निशाण बांधले होते. तिसऱ्याच गोळ्याने मी त्याच्या चिंध्या केल्या. काळजीने कुसाकाबे रोज जेवणाचा डबा तसाच घरी नेत. त्या दिवशी त्यांनी दोन डबे संपवले. दुसरा कोणाचा होता, ते शेवटपर्यंत कळले नाही.

पुढे युद्ध पेटले आणि मला जपानच्या शिकोकू बेटावर, समुद्राकाठच्या एका टेकडीवर नेले. माझे पाचही पाय काँक्रीटमध्ये घट्ट रोवले. टेकडी होती शिगे आजीच्या संत्र्याच्या बागेची. खाली कोळ्यांचे गाव आणि शाळा. शत्रूची विमाने इतक्या उंचावरून जात, की माझे गोळे अर्ध्या वाटेतच फुटत. शिगे आजी रोज टोमणे मारी.

"काय रे बाबांनो, एक तरी विमान पाडलंत का? माझ्या झाडांची फुलं मात्र झाडून सगळी पाडलीत!"

"आजी, पुढच्या वेळी फुलांना आधी विचारू," सार्जंट इनागाकी हसत म्हणत. पण मला मनातून लाज वाटे. एकदा तरी काही पाडावे, असे मला फार वाटे.

युद्धाच्या शेवटच्या मे महिन्यात ती संधी आली. भर दुपारी ठाण्यावरून फोन आला. "दक्षिणेकडून एक विमान खाली येतंय. पाडा!"

सगळे धावले. गोळा भरला. नेम धरणारा तरुण शिपाई काजितानी माझ्या दुर्बिणीला डोळा लावून बसला. विमान धूर सोडत थेट गावाकडे येत होते. ते माझ्या टप्प्यात होते. इतके सोपे निशाण मला कधीच मिळाले नव्हते.

"साहेब, थांबा!" काजितानी ओरडला. "पंख दुमजली दिसतायत. आपलं शिकाऊ विमान असेल."

"असेल की आहे?"

"धुरात नीट दिसत नाही, साहेब."

"काजितानी, खाली शाळा आहे. चूक झाली तर?"

"आणि तो आपलाच असला तर, साहेब?"

इनागाकींनी त्याला बाजूला सारून स्वतः पाहिले. फोन पुन्हा खणखणू लागला. त्यांनी तो उचलला नाही. वारा आला, धूर क्षणभर फाटला आणि पंखावरचा लाल गोल, आपल्याच विमानांची खूण, दिसला.

"कोणी हात लावू नका!" ते ओरडले.

विमान शाळेच्या कौलांवरून घसटत गेले आणि ओहोटीच्या ओल्या वाळूत नाक खुपसून थांबले. त्यातून काळवंडलेल्या मिशांचा विमान चालवायला शिकवणारा एक चाळिशीचा शिक्षक खोकत बाहेर आला. नाव तोगाशी. टेकडी चढून आला आणि गोळा कोणी थांबवला ते कळताच तो काजितानीपुढे कमरेत वाकला.

"तुमची तोफ माझ्यावर रोखलेली वरून दिसत होती. मी तर डोळेच मिटून घेतले."

"विमान चालवताना डोळे मिटतात का रे?" आजी म्हणाली. तोगाशीसकट सगळे पोट धरून हसले. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"पाडलं का?" पलीकडून विचारले.

"उतरवलं, साहेब," इनागाकी म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवशी मी काहीच केले नाही. तरी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तोच. माझ्या कित्येक बहिणींनी माणसे मारली. मी एक माणूस टेकडी चढून येताना पाहिला.

तीन महिन्यांनी युद्ध संपले. परक्या सैनिकांनी माझी नळी कापून नेली. पाय मात्र काँक्रीटमधून निघेनात, म्हणून बैठक तशीच राहिली. मग गवत वाढले, गंज चढला. अकरा वर्षे माझ्याकडे कोणी फिरकले नाही. ते दिवस खरेच वाईट होते.

मग एका हिवाळ्यात शिगे आजीची सून नोबुए उतारावरून संत्र्यांच्या पेट्या पाठीवर घेऊन वरच्या रस्त्यापर्यंत वाहून वाहून थकली. विसाव्याला ती माझ्यावर बसली आणि सहज तिने हातचाक ढकलले. मी कण्हले, पण फिरले! दुसऱ्या दिवशी तिने तेल आणले, दोर आणून माझ्या बैठकीला गुंडाळला. तेव्हापासून वर दोघे जण हातचाके फिरवतात आणि मी खालच्या पेट्या वर ओढते.

मध्यंतरी संग्रहालयाची माणसे मला मागायला आली होती. "हंगाम संपल्यावर या," नोबुए म्हणाली. ती दरवर्षी येतात, आणि तिचे उत्तर दरवर्षी तेच असते.

तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र कोपऱ्यात पडले असेल. त्याला थोडे तेल द्या आणि जमेल तेवढे काम द्या. नुसते पुसून ठेवू नका, आम्हाला बसून राहण्याचा फार कंटाळा येतो.

बरे, आता बोलणे पुरे. दोर ताणला गेला आहे, आणि खालून नोबुए ओरडते आहे, "ओढा!"