उलटी जोडलेली तार

भर दुपारी पडदे ओढून, दारं लावून दीडशे माणसं श्वास रोखून बसली होती. हॉल पूर्वी फर्निचरच्या दुकानाचा. सोफे गेले, सतरंज्या आल्या. समोरच्या भिंतीशी होम थिएटरचे दोन उंच काळे स्पीकर, आणि त्यांच्या मधोमध पांढऱ्या शालीतले आवाजवाले बाबा.

"कानांनी ऐकू नका!" बाबा गरजले. "कानांनी ऐकतो तो अडाणी. गेलेला जीव डावीकडे नसतो, उजवीकडे नसतो. तो नवव्या कंपनात असतो! दहाव्या कंपनाची तयारी असेल त्यांनी बुधवारी अंघोळ करून यावं."

मागच्या ओळीत बसलेल्या, घरोघरी टीव्ही-स्पीकर बसवणाऱ्या फिटरला एरवी हसू आवरलं नसतं. पण शेजारी त्याची थोरली बहीण बसली होती. बारा दिवसांपासून तिनं इन्सुलिनचं इंजेक्शन बंद केलं होतं आणि पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी थोडे दिवस असंच चाललं तर पाय जाईल, मग जीवही जाईल. ताईचं उत्तर एकच, "पोरानं नको म्हटलंय. तू ये, ऐक, मग बोल." म्हणून तो आला होता.

आणि आवाज आला.

"आई… डॉक्टरांकडे नको जाऊस… मी घेऊन जातो."

फिटरच्या अंगावर सर्रकन काटा आला. वर्षापूर्वी अपघातात गेलेला भाचा, अगदी तोच! आवाज ना या स्पीकरमधून ना त्या. जणू डोक्याच्या आतच कोणी बोलतंय. पुढं एक बाई हुंदके देऊ लागली. ताईनं डोळे मिटले, तिच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की त्याला बघवेना.

पण तीस वर्षांचा कान गप्प बसतो थोडाच? भाच्याचा आवाज भरदार होता. हा पोकळ, खालचा खर्ज कुणी काढून घेतल्यासारखा. फिटरनं स्पीकरकडे पुन्हा पाहिलं.

हे मशीन त्यानंच बसवलेलं; कसं बसवलं होतं ते त्याला आत्ता आठवलं: आठ महिन्यांपूर्वी, घाईत, अर्ध्या उजेडात. तार पारदर्शक होती, तिच्या दोन्ही पदरांचा रंग एकच; ओळखायला एका पदरावर केसाएवढी रेघ. एका स्पीकरला ते पदर उलटे लागले असावेत. संध्याकाळी बाबांचा फोन आला होता, "आवाज हवेत तरंगतोय हो." तो म्हणाला, उद्या येऊन बघतो. सकाळी पुन्हा फोन, "येऊ नका. फार उत्तम आहे."

तो उठला. "बाबा, हे मशीन मी जोडलंय. तार बघायची आहे."

"पाहा, सेवक आपोआप ओढला गेला!" बाबा लोकांकडे वळून म्हणाले.

फिटरनं खिडकीचा एक पडदा सारला, मशीन बंद केलं, दोन्ही तारा मशीनच्या मागून सोडवल्या, पुढच्या जाळ्या काढल्या आणि खिशातला साधा सेल काढला. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याला तो म्हणाला, "काका, जरा पुढं या. जाळीमागचा हा गोल पडदा बघा." डाव्या तारेच्या टोकांना सेल टेकवला, स्पीकरचा गोल पडदा टच्‌कन बाहेर आला. उजव्या तारेला सेल तसाच, रेघेचा पदर त्याच बाजूला ठेवून, टेकवला. पडदा आत गेला.

"एक ढकलतोय, दुसरा ओढतोय," तो म्हणाला. "अशानं आवाजाची जागा हरवते. कान गोंधळतात. यात जीव नाही, कंपन नाही. माझी चूक आहे ही."

त्यानं पदर बदलून तारा पुन्हा जोडल्या आणि मशीन सुरू केलं. तेच शब्द आले, पण आता दोन स्पीकरांच्या मधल्या भिंतीतून, बोट दाखवता येईल अशा एका जागेवरून. आणि भरदार.

मग त्यानं ताईचा फोन मागून घेतला. 'ओळख पटवायला' म्हणून बाबांनी तो आठवडाभर ठेवून घेतला होता. त्यातला भाच्याचा जुना निरोप त्यानं मोठ्यानं लावला: "आई, आज डॉक्टरांकडे नको जाऊस, दवाखाना बंद आहे. उद्या मी घेऊन जातो."

फिटरला वाटलं, आता भांडं फुटलं.

पुढं आलेले काकाच म्हणाले, "कळलं रे बाबा. आता होतं तसं करून दे. माझ्या गेलेल्या बायकोचा नंबर लागायचाय अजून."

"हो, हो, करून द्या!" चार आवाज उठले. "तुमचं काय जातंय?"

बाबा पुढं झाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "कोणता पदर म्हणालात, रेघेचा का? इतके महिने माझंच मला कोडं होतं हो. उपकार झाले."

फिटर ताईला हाताला धरून घरी घेऊन आला. जखम धुतली, पट्टी बांधली, इंजेक्शन भरलं.

"ताई, ऐकलास ना सगळा निरोप?"

"छोट्या, तो मला पाठ आहे. शंभर वेळा ऐकलाय."

"मग?"

"फोनमध्ये तो फोनमध्येच असतो रे. तिथं माझ्याजवळ यायचा. तू त्याला भिंतीत घातलास."

वर्षभरात तो तिच्याकडे किती वेळा आला होता? बल्ब बदलायला दोनदा. पोराबद्दल एक शब्द विचारला नव्हता, तिला रडू येईल म्हणून.

"टोचू का?"

"आज टोच. तू आलायस म्हणून." तिनं तोंड फिरवलं. "उद्या मी जाणार आहे तिकडे."

दुसऱ्या दिवशी ती हॉलवर गेली. ती पोचण्याआधीच बाबांनी तार पुन्हा उलटी केलेलीही होती.

बाबांनो, मायांनो, देवावर माझा भरवसा आहे, आणि म्हणूनच सांगतो: ज्यानं आपल्याला कान दिले, डोळे दिले, त्यानं विचार करायला डोकंही दिलं. कुठं अद्भुत आवाज आला तर हात जोडण्याआधी मशीनच्या मागं जाऊन बघा. मेलेल्याच्या नावानं कुणी औषध सोडायला सांगत असेल, तर तो खोटं बोलतोय, मग आवाज कुणाचाही असो. आणि तुमच्या घरात कुणी दुःखात असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा, गेलेल्याचं नाव काढा, ते रडले तर रडू द्या. हे आजच करा. फिटरनं नंतर ताईकडे रोज जायला सुरुवात केली. तोवर तिचा पाय कापावा लागला होता.