भरून ठेवलेल्या सकाळी

आईच्या दहाव्याला घोड नदीच्या घाटावर मांडव घातला होता. आमच्याकडे दशक्रियेला प्रवचन असतं आणि प्रवचन आटोपलं की माइक गावाच्या हाती जातो. सोसायटीचे चेअरमन बोलले, आईच्या शाळेतले जुने मुख्याध्यापक बोलले, आईचं नाव शेजारच्याला विचारून घ्यावं लागलं असे एक पुढारीही बोलले. गोरखकाका सगळ्यात शेवटी उठले.

गोरखकाका एसटीतले निवृत्त कंडक्टर. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गेली काही वर्षं दोघं कळंबच्या घोडकाठ रेडिओवर रोज सकाळी ‘चहाआधी’ नावाचा कार्यक्रम करत. एक विषय घ्यायचा आणि त्यावर भांडायचं, एवढंच त्याचं स्वरूप. चहात आलं की वेलची. लग्नात डीजे की बँड. म्हशीला नाव ठेवावं का. मंचरपासून नारायणगावापर्यंत गोठ्यांत, टपऱ्यांवर, भाजीच्या टेम्पोंत तो लागलेला असे, आणि नागपूरला माझ्या स्वयंपाकघरात मोबाइलवर.

काकांनी माइक घेतला. तोंडापासून किती लांब धरायचा ते त्या मांडवात त्यांनाच नीट माहीत होतं.

“बाईंचं काय सांगू,” ते म्हणाले. “दिवाळीच्या आधीच डॉक्टरनं सांगितलं व्हतं, पोटातली गाठ पसरलीय म्हणून. दुसरी कुणी असती तर हातरूण धरलं असतं. बाई मला म्हणल्या, गोरखभाऊ, दवाखान्यात जायच्या आधी भाग भरून ठेवू. एकेका बैठकीत किती भरले, त्याला हिशेब न्हाई. मधीच उलटी व्हायची, मी मशीन बंद करायचो. बाई चूळ भरायच्या, म्हणायच्या, हां, कुठं व्हतो आपण? आन् पुन्हा हसत सुरू. तुमी लोकं सकाळी ऐकून हसत व्हता, तवा बाई पुण्याला सलाईनवर व्हत्या. पर एक सकाळ चुकवली न्हाई. काम करावं तर असं.”

मांडवात कुणी दचकलं नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, पुरुषांनी माना हलवल्या. मी शेजारी उभ्या असलेल्या सुदर्शनकडे पाहिलं. माझा धाकटा भाऊ. आई त्याच्याजवळ राहायची. तो नदीकडे बघत होता.

मला सांगितलं होतं, अचानक गेली.

त्या सकाळी मी कणीक मळत होते आणि मोबाइलवर आई बिबट्याची वकिली करत होती. “तो त्याच्या वाटेनं चाललाय, गोरखभाऊ. तुम्हीच त्याच्या वाटेत खुर्ची टाकून बसलाय.”

“बाई, खुर्ची माझ्या अंगणात हाय. सातबारा दाखवू का?”

“मला कशाला? त्याला दाखवा.”

मी हसत होते. तेवढ्यात आईचा आवाज तुटला आणि सुदर्शनचा फोन आला. आई गेली, म्हणाला. मी त्याला म्हटलं, काहीतरीच काय बोलतोस, ती आत्ता बोलतेय.  तो म्हणाला, “ताई, ते कालचं असेल.”

दहाव्यापर्यंत मी त्या ‘काल’ला धरून होते. काल तर बिबट्यावरून काकांना चिडवत होती, मनात असं म्हणून मी येणाऱ्याजाणाऱ्यांना सामोरी जात होते. भेटायला आलेल्या बायका म्हणत, सुटली बिचारी. मला वाटायचं, रीत म्हणून म्हणत असतील.

घरी आल्यावर सुदर्शनला मागच्या पडवीत गाठलं. तो चप्पल काढत होता, काढतच राहिला.

“आईनं शपथ घातली होती,” तो म्हणाला.

“आणि गावाला नव्हती घातली?”

“गावाला कोण सांगायला गेलं? कार्यक्रमाच्या शेवटी बाजारभाव आई वाचायची. ती वाचेना म्हटल्यावर लोकांनी ओळखलं. आधी भरलेल्या भागात टोमॅटोचे आजचे भाव कसे येणार? ते काका वेगळे वाचायचे.”

बाजारभाव सुरू झाले की मी आंघोळीला जायचे. नागपुरात मला नारायणगावच्या टोमॅटोचं काय करायचं होतं? संध्याकाळी फोन केला की आई म्हणायची, घसा दमलाय गं, सकाळी ऐकलंस ना सगळं? मी ऐकलेलं असायचं. आईची तब्येत बरी असल्याचा त्याहून चांगला पुरावा मला कुणी दिला नसता. रोज एवढं खळखळून भांडणारी बाई आजारी आहे, हे कुणाच्या मनात येईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेडिओवर गेले. खतांच्या गोदामावरची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. काका एकटेच मशीनसमोर बसले होते.

“ये पोरी. बस.”

मी बसले नाही. “काल तुम्ही माइकवर बोललात, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.”

काका वळले. “काय सांगतीस? मला वाटलं, शेवटी तरी सुदर्शननं सांगितलं आसंल. मी आपलं बाईंचं कौतुक...” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “लई वाईट झालं.”

त्या खोलीत येताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. दिवाळीनंतर त्यांनी एक विषय घेतला होता: मोठ्या माणसांनी आपलं आजारपण लांबच्या मुलांना कळवावं का. मला तो भाग जवळजवळ पाठ होता. काका म्हणाले होते, कशाला कळवायचं? पोरं रजा काढून येणार, उशाशी बसून रडणार, आन् आपणच उठून त्यांना चहा करून द्यायचा. आईनं त्यांना धुऊन काढलं होतं. कळवलंच पाहिजे, ती म्हणाली होती. लपवलं की आपण आपल्या हातानं पोरांना परकं करतो. उद्या पोरगी येऊन विचारेल, मी तुझी कोण लागत होते, तर काय तोंड दाखवाल? मी त्या दिवशी आईला मेसेज केला: आज तुझी बाजू पटली. तिचं उत्तर आलं: पटणारच, मास्तरणीची आहे.

“तिला हे बोलवलं तरी कसं?” मी विचारलं. “घरात सगळं माहीत असताना?”

काका माझ्याकडे बघत राहिले. “तुला आमचा नेम ठाऊक न्हाई?”

“कसला नेम?”

“पैल्या आठवड्यात डीजेवरून आमची खरीच जुंपली. बाई चार दिवस बोलल्या न्हाईत माझ्याशी. गावातबी दोन तट पडले, एकानं तर दुसऱ्या तटाला लग्नाचं आवतनबी दिलं न्हाई. तवा ठरवलं. माइकवर बसलं की आपलं मत बाजूला. समोरच्याचं मांडायचं. माझं बाई बोलणार, बाईंचं मी. मंजे भांडणबी व्हतं आन् राग कुणाला येत न्हाई.”

आई आयुष्यभर चहात आलं घालत आली आणि रेडिओवर वेलचीची बाजू घेऊन भांडली, तेव्हा मी ते गंमत म्हणून सोडून दिलं होतं.

“म्हणजे त्या दिवशी...”

“त्या दिवशी बाई बोलल्या ते माझं व्हतं. शब्दान् शब्द. ह्याच खोलीत मी त्यांना रोज सांगत व्हतो, पोरीला कळवा, पोरगी विचारंल मी कोण लागत व्हते. माझंच वाक्य त्यांनी माइकवर म्हणलं. माझ्यापरीस चांगलं म्हणलं.”

“आणि आपणच उठून पोरांना चहा करायचा, ते?”

“ते बाईंचं.”

काकांच्या तोंडून ऐकताना तो विनोद मला खेडवळ आणि जरा निर्दय वाटला होता. आता त्यात आईचा सूर ओळखू आला. असंच बोलायची ती, दुखलं की.

“मग तुम्ही कळवायचं होतं.”

“बाईंनी हात धरला माझा. म्हणल्या, गोरखभाऊ, एक माणूस असं राहू द्या, की जिच्याशी बोलताना मी आजारी नसंन.”

“ती माझ्याशी बोललीच कुठे?” मी म्हणाले. “ती तुमच्याशी बोलत होती. मी ऐकत होते.”

 खाली गोदामात कुणीतरी पोती ओढत होतं, ते ऐकू येत राहिलं. मग काका म्हणाले, “अजून काही भाग उरल्यात. लोकं इचारत्यात, बाईंचं लावा म्हणून. तू हो म्हणलीस तर लावतो. न्हाई म्हणलीस तर पुसून टाकतो. तुझ्या आईचा आवाज हाय, तूच सांग.”

“विषय कोणते?”

“कारलं गोड करावं का कडूच खावं. जावयाला नावानं हाक मारावी का. म्हातारपणी मोबाइल किती बघावा. आन् एक...” ते थांबले. “लांब दिलेल्या लेकीनं माहेरी परत यावं का.”

“त्यात आई काय म्हणते?”

“काय गरज न्हाई म्हणत्यात. तिचं घर तिकडं, काम तिकडं. माहेर फोनवर ऐकू आलं तरी पुरं.”

मी मनात ते उलटं केलं. नेमाप्रमाणे उलटं केलं, की मी यावं असं तिला वाटत होतं. क्षणभर मला ते इतकं हवंहवंसं वाटलं की मी खुर्ची ओढून बसले.

“नेम पाळून बोलली ना?”

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “त्यो शेवटचा भाग. बाईंना बसवत नव्हतं. बाजू ठरवल्याच न्हाईत त्या दिवशी. जे सुचलं ते बोलल्या.”

“म्हणजे तेच तिचं खरं मत?”

“मी हो म्हणलं काय आन् न्हाई म्हणलं काय, तुला पटणार हाय का आता?”

“नाही.”

“मग?”

खरं तर पुसून टाका म्हणावं, असं ठरवून मी जिना चढले होते. पण पुसलं असतं तर लपवालपवीत मीही सामील झाले असते.

“लावा,” मी म्हणाले. “फक्त प्रत्येक भागाच्या आधी सांगायचं, की हे पूर्वी भरून ठेवलेलं आहे आणि यात बोलणारी बाई आता नाही.”

“पोरी, सगळ्यांना ठाऊक हाय.”

“मला नव्हतं.”

काकांनी मान खाली घातली. मग माइक माझ्याकडे सरकवला आणि त्याची दांडी माझ्या उंचीला आणली. त्यांनी बोटानं खूण केली. मी म्हणाले, “हा भाग आधी भरून ठेवलेला आहे. उज्ज्वलाबाई आता नाहीत.”

“जरा घाई झाली,” ते सवयीनं बोलून गेले. “पुन्हा घेऊ का?”

“नको.”

त्यांनी माझं वाक्य कारल्याच्या भागापुढे जोडलं आणि जोड बरोबर बसला का ते बघायला मशीन सुरू केलं. माझ्यामागोमाग आई आली. “राम राम मंडळी. चहा टाकला असेल तर गॅस बारीक करा, आमचं भांडण मोठं आहे.” काकांनी तिला कारल्यावरून काहीतरी सुनावलं. ती म्हणाली, “गोरखभाऊ, तुमचं तोंड बघून कारलं आधीच गोड झालंय.” आणि हसली.

समोर बसलेले काका हसले नाहीत. ते पडद्यावर सरकणाऱ्या रेघेकडे बघत होते. मी त्या हसण्यामागे कान लावून बसले. मशीन कुठे बंद झालं असेल, ती कुठे उठून गेली असेल, कुठे चूळ भरून परत आली असेल. मला काहीच ऐकू येत नव्हतं. काकांनी फार सफाईनं काम केलं होतं.

मग त्यांनी बोट उचललं. “हितं बंद केलं व्हतं,” ते म्हणाले.

मी मान हलवली. त्यांनी आवाज थोडा वाढवला. आई कारल्याला गूळ किती घालायचा ते सांगत होती. जरा वेळानं त्यांनी पुन्हा बोट उचललं.