माझ्या टाकीतलं खारं पाणी

मी एक जुनी मोटार आहे. जन्म विलायतेत झाला, पण आयुष्य बोईसरच्या धुळीत गेलं, म्हणून बोलते ते इथलंच. माझ्याविषयी माणसं पुष्कळ बोलली. आज माझं ऐका.

माझा पहिला मालक मुंबईतला व्यापारी होता. त्याच्या दारात मी सावलीत उभी असायची आणि रोज पुसली जायची. त्यानं नवी गाडी घेतली आणि मी पालघरच्या एका वकिलांकडे आले. त्यांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं तेव्हा मला डॉक्टर कृष्णकांतांनी घेतलं.

डॉक्टरांचा दवाखाना बोईसरला. तारापूरच्या बाजूला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं, रस्त्यावर ट्रकांची रीघ लागलेली असायची, पण किनाऱ्याच्या गावात ताप आला तर बघायला कोणी नव्हतं. म्हणून दर मंगळवारी डॉक्टर, नर्स रंभाबाई आणि औषधांची पेटी घेऊन मी निघायची. सालवड मागे टाकून, पामवरून पुढे, किनाऱ्यावरच्या एका गावाला. त्या गावाचं नाव मी सांगत नाही. एकट्या त्याच गावात असं घडत असतं, तर सांगितलं असतं.

मला चालवायचा चिंधू. तो लष्करात गाडी शिकून आला होता. गिअर असा टाकायचा की मला कळायचंही नाही. चढावर मला धाप लागली की म्हणायचा, "दमानं, बाय. घाई कोनाला हाय?" माझ्यावर इतकी माया कोणत्याच मालकानं केली नाही.

वय झालं की इंजिन लवकर तापतं. गावात पोचेपर्यंत माझ्या रेडिएटरच्या टाकीतलं पाणी उकळून निम्मं व्हायचं. डॉक्टर पाटलांच्या ओटीवर पेशंट तपासायला बसले की चिंधू बादली घेऊन दूर जायचा, बऱ्याच वेळानं घामेजून परत यायचा आणि मला पाणी पाजायचा.

मग मी गळू लागले.

आधी नुसता ओलावा होता, नंतर थेंब पडू लागले. चिंधूनं रबरी नळी बदलली, तिची पट्टी आवळली. थेंब थांबले आणि दुसरीकडून आले. रंभाबाईंनी घरचा उपाय सुचवला, टाकीत हळद घाला, बारीक भोकं बुजतात. तोही झाला. पुढच्या फेरीला पामजवळ माझ्या पोटातून पिवळं पाणी सांडलं. बाजाराला निघालेल्या वारली बाया थांबून हसू लागल्या.

"डाक्टर, मोटारीचं लगीन काढलंय काय?"

"नवरी म्हातारी हाय गं पन."

चिंधूही हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा तापानं फणफणलेलं एक मूल वाट बघून परत नेलं होतं. ते वाचलं, पण डॉक्टरांच्या मनातून ते जाईना.

"चिंधू, तू पाण्याकडे लक्ष देत नाहीस," ते म्हणाले. "पुन्हा गाडी वाटेत थांबली, तर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

चिंधूनं मान हलवली. स्टीअरिंगवरची त्याची पकड मला जाणवत होती. एवढं ऐकूनही तो गप्प का राहिला, हे मला माहीत होतं. पण मोटारीला भोंगा असतो, जीभ नसते.

शेवटी मला पालघरला चंद्रभान मिस्त्रीकडे नेलं. चंद्रभान मोठा बढाईखोर. एकदा तर, आपण हात लावला की विमानसुद्धा सुरू होईल, असं म्हणाला होता. त्यानं माझी टाकी उतरवली, उलटी केली, ठोकली. आतून पांढरे खपले पडले. त्यानं एक खपला जिभेला लावला आणि थुंकला.

"डॉक्टरसाहेब, ही गाडी आहे का मिठागर? हिच्यात समुद्र कोण भरतो? पितळ खाऊन टाकलंय सगळं. एक भोक झाळून बुजवलं तर शेजारी दुसरं पडणारच."

डॉक्टर वळले. "चिंधू, पाणी कुठलं घालतोस?"

"खाजनाकडच्या विहिरीचं."

"अरे, खाडीचं पाणी शिरून ते मचूळ झालंय. देवळामागे गोड्या पाण्याची विहीर आहे ना?"

"हाय की." चिंधू फडक्यानं हात पुसत राहिला. "तिच्यावर माजा पोहरा चालत नाय."

डॉक्टर त्याच्याजवळ आले. मग म्हणाले, "मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तुमी ओटीवर बसून त्याच विहिरीचं पानी पिता. मी समोर गाडीपाशी उभा असतो. मला वाटलं, तुमाला दिसत असंल."

चंद्रभान स्टोव्हला पंप मारू लागला. विमानाचं काही बोलला नाही.

मला नवी टाकी बसली. पुढच्या मंगळवारी डॉक्टर हसतमुखानं आले. गोड्या पाण्याचे दोन मोठे डबे त्यांनी स्वतः माझ्या डिकीत ठेवले.

रंभाबाई बघत होत्या. "गाडीची सोय केलीत. आणि चिंधूची?"

"बाई, गावाशी भांडण काढलं तर उद्या पेशंट कोण पाठवेल? कायदा होऊन इतकी वर्षं झाली, तरी मनं बदलायला वेळ लागतो. हळूहळू होईल."

डॉक्टर वाईट माणूस नाहीत. त्यांनी कितीतरी पोरं मरणाच्या दारातून परत आणली आहेत. पण मी गळत होते तेव्हा 'हळूहळू' कोणी म्हणालं नाही. नळी बदलली, हळद घातली, टाकी उतरवून बघितली. पितळाच्या टाकीसाठी एवढी घाई, आणि जित्या माणसासाठी धीर.

चिंधूनं मला गावात नेलं आणि परत आणलं. वाटेत एकदाही गिअर वाजला नाही. दवाखान्यापुढे त्यानं मला पुसलं, काचा, दारं, दिवे, आणि किल्ली डॉक्टरांच्या हातात ठेवली.

"रागावलास?" डॉक्टरांनी विचारलं.

"राग नाय. मूल मागं गेलं, ते माज्याबी मनात हाय. आता गाडी थांबनार नाय."

"मग का जातोस?"

"तुमचं हळूहळू माज्या बापानंबी ऐकलंय, डॉक्टर. तो वाट बघतच गेला. वीजकेंद्रावर ट्रकला मानूस पायजे हाय, तिकडं जातो."

रंभाबाई दारापर्यंत त्याच्या मागे गेल्या. त्यांनाही त्याला थांबवता आलं नाही.

आता डॉक्टर मला स्वतः चालवतात. गिअर टाकताना माझे दात वाजतात. पाटलांच्या ओटीवर पाण्याचा तांब्या येतो तेव्हा ते म्हणतात, "तहान नाही." तांब्या परत आत जातो. कारण कोणी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. एका माणसानं पाणी प्यायचं सोडलं, तेवढ्यानं विहीर मोकळी होत नाही.

माझी टाकी स्वच्छ आहे, एक थेंब गळत नाही. पण मला आता फार दिवस नाहीत. इंजिनच थकलं आहे. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. कधीतरी तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी गाडी तापून उभी राहील. बादली घेऊन कोणी तुमच्या विहिरीपाशी येईल. त्याला नाव विचारू नका, आडनाव विचारू नका. पोहरा त्याच्या हातात द्या, आणि आधी त्याला पिऊ द्या.